सूचना : रविवारी नागपूरला स्पीकर ऐकायला जाण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी पुलगावहून सकाळच्या गाडीने नागपूरला दुकानात गाण्यांचे स्पीकर ऐकायला जायचे आहे. कापसाचे चुकारे हाती आलेत, काहींचा या खेपेला घ्यायचाच विचार आहे, म्हणून आधीच लिहितो.

आपापली गाणी पेनड्राइव्हवर आणा, फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेली) असेल तर उत्तम. दुकानदाराने निवडलेले गाणे त्याच्या स्पीकरवर गोडच वाजणार. आपल्या मूर्तिजापूरचे वसंतराव देशपांडे ज्याने वर्षानुवर्षे ऐकले, त्याला तान कुठे दबली ते लगेच कळते.

सगळ्यात महत्त्वाचे, दोन जोड्या ऐकताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला लावा. एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर सरसच वाटतो आणि फसगत तिथेच होते. मोबाईलवरचे मीटर चालेल, फक्त एकाच खुर्चीवरून मोजा. संवेदनशीलताही विचारा, म्हणजे ठराविक वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८८ वाल्याइतका आवाज द्यायला दुप्पट वॅट लागतात, म्हणजे अँप्लिफायरचा खर्च वाढला.

दुकानात गालिचे, जाड पडदे असतात. आपल्याकडे फरशी, उघड्या भिंती, वर टिनपत्रे. तोच स्पीकर घरी कर्कश वाटू शकतो, आणि भिंतीला टेकवला तर खर्ज घुमतो. म्हणून घरी नेऊन ऐकू देता का, हे विचारल्याशिवाय विसार देऊ नका, कितीही आवडला तरी.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत इथेच नाव कळवावे. खोलीची लांबी-रुंदी मोजून सोबत आणावी.