पियानोच्या बाईंना एका आईचे आभारपत्र

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

आमची मुलगी आता पियानोसमोर बसली की आज काय बसवायचे हे तिचे तीच ठरवते आणि ते बसले की पुस्तक मिटून उठते. अजून अर्धा तास वाजव, असे तिला सांगावे लागत नाही. हे वळण तिला आपण लावलेत. घरी येऊन आपले आभार मानता आले असते. परंतु कॅम्पातल्या आपल्या खोलीत मागच्या खुर्चीवर बसून मी जे ऐकत आले, ते इतर पालकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मुलगी आपल्याकडे आली ती पेटी वाजवत. सासऱ्यांनी तिला लहानपणापासून पेटीवर बसवले होते, त्यामुळे उजवा हात तयार होता आणि डाव्या हाताला भाता मारण्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. पेटीच्या या सवयीला आपण कधीही खोड म्हटले नाहीत. हिचा कान तयार आहे, आता हाताला नवी गोष्ट शिकवायची आहे, एवढेच आपण म्हणालात. ती नवी गोष्ट कोणती, हे आपण ज्या रीतीने दाखवलेत ते मी विसरणार नाही. उभ्या पियानोचे पुढचे झाकण काढून आपण तिला एक पट्टी अगदी हळू दाबायला लावलीत. पट्टी जेमतेम दहा मिलिमीटर खाली जाते आणि तळ गाठण्याच्या जरासे आधी हातोडी तिच्यापासून सुटी होते. त्यापुढे तारेपर्यंतचे अंतर हातोडी एकटीच कापते. हळू दाबल्यामुळे हातोडी तारेपर्यंत पोहोचलीच नाही आणि आवाजही आला नाही. मग तीच पट्टी आपण वेगाने खाली न्यायला सांगितलीत आणि खणखणीत सूर निघाला. पेटीचा आवाज भात्यातल्या हवेने लहानमोठा होतो, पियानोचा मात्र हातोडीच्या वेगाने ठरतो, आणि सूर निघून गेल्यावर पट्टी कितीही जोराने दाबून धरली तरी त्यात काडीचा फरक पडत नाही, हे तिला डोळ्यांनी दिसले. सूर लागला की बोट पट्टीवर नुसते टेकलेले ठेवायचे, हे तिला त्या दिवशी कळले, आणि मनगटाचा ताठरपणा पुढे हळूहळू गेला. सूचना दहा वेळा देऊन जे साधत नाही ते कारण एकदा दाखवल्याने साधते, हे मी तिथे पाहिले.

बसण्याच्या बाबतीतही आपली नजर बारीक. कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावे म्हणून आपण बैठक उंच केलीत, आणि मग तिचे पाय लोंबकळू लागले तेव्हा आतून लाकडी पाट आणून पायांखाली सरकवलात. पाय टेकले तसे तिचे खांदे आपोआप खाली आले. पहिली स्केल, म्हणजे क्रमाने वाजवायची सुरांची ओळ, बहुतेक ठिकाणी सी मेजर असते; आपण बी मेजरने सुरुवात केलीत. पियानोचा थोर संगीतकार शोपँ पॅरिसमध्ये शिष्यांना हीच स्केल आधी शिकवत असे, हे आपण सांगितलेत आणि त्यामागचे कारण तिच्याच हातावर दाखवलेत: अंगठा ई या पांढऱ्या पट्टीवर, लांब असलेली मधली तीन बोटे एफ शार्प, जी शार्प आणि ए शार्प या काळ्या पट्ट्यांवर आणि करंगळी बी वर ठेवली की पंजाला आपोआप गोलाई येते. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोटांना अशी खूण सापडत नाही, म्हणून वाचायला सोपी असणारी सी मेजर एकसारखी वाजवायला अवघड, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

खरे ऋण आहे ते सरावाच्या रीतीचे. जर्मन संगीतकार बाखच्या, दोन हातांनी दोन स्वतंत्र स्वरावली वाजवायच्या इन्व्हेन्शन्स या छोट्या रचनांपैकी पहिली तिला दिलीत, तेव्हा पूर्ण रचना वाजवून पाहण्याची परवानगी तिला कित्येक दिवस नव्हती. एका वेळी दोन बार, म्हणजे तालाची दोन घरे, आधी डावा हात, मग उजवा. बोटांचे आकडे पेन्सिलीने लिहायचे आणि एकदा ठरले की बदलायचे नाहीत. प्रत्येक तुकडा पुढच्या बारच्या पहिल्या सुरावर नेऊन थांबवायचा, म्हणजे जोडावर हात अडखळत नाही, ही युक्ती तर मी पुण्यातल्या गाणे शिकणाऱ्या मैत्रिणींनाही सांगितली. लय इतकी ठाय ठेवायची की चूक व्हायला जागाच राहू नये, कारण चुकत चुकत वाजवले की बोटांना चूकच पाठ होते, असे आपण म्हणता. मेट्रोनोमचा, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा, काटा वाजवणे सहज झाल्यावरच पुढे सरकायचा, तोही थोडाच. अडणारी जागा लांब-आखूड अशा वाकड्या लयीत घोळवली की कोणते बोट मागे पडते ते लगेच कळते. बाखने 1723 च्या प्रतीत या रचनांचा हेतू सांगताना दोन्ही स्वरावली स्वच्छ वाजवण्याबरोबर गाता येईल अशा वादनावर भर दिला आहे. म्हणून आपण तिला एक स्वरावली वाजवत दुसरी तोंडाने म्हणायला लावलीत. भाता मारणारा तिचा डावा हात त्या दिवसांत गायला लागला, असे मी मनापासून म्हणेन.

हात दुखला तर त्या दिवशी वाजवणे बंद, हा आपला नियम आहे. जर्मन संगीतकार रोबर्ट शूमानला उजव्या हाताच्या बोटाच्या दुखण्यापायी वादक होण्याचा विचार सोडावा लागला, हे सांगून आपण तो तिला पटवलात. घाईने मोठा पियानो घेऊ नका, खऱ्या पियानोसारख्या वजनदार 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो सध्या पुरे, हा आपला सल्लाही आमच्या फ्लॅटला आणि शेजाऱ्यांना मानवला.

परीक्षेबद्दल मात्र आपले विशेष आभार. तिच्या वयाची मुले पियानोच्या परीक्षांत वरच्या ग्रेडला, म्हणजे इयत्तेला, पोहोचली आहेत हे पाहून घरून विचारणा झाली, तेव्हा वर्षभर परीक्षेच्या तीन रचना घोटून गुण मिळतील पण नवे पान समोर आले की हात थांबेल, असे आपण आम्हाला स्पष्ट सांगितलेत आणि तिला रोज एक अनोळखी, सोपे पान वाचायला दिलेत. परवा तिने पुतणीच्या पुस्तकातले कधी न पाहिलेले एक गाणे समोर ठेवले, आधी बोटांचे आकडे लिहिले, डावा हात वाजवून पाहिला आणि तासाभरात सासऱ्यांना ते पूर्ण ऐकवले. बाई, त्या तासात आम्हा कोणालाही तिला काही सांगावे लागले नाही, याबद्दल मी आपली अत्यंत ऋणी आहे.

आपली कृतज्ञ,
आपल्या एका विद्यार्थिनीची आई
पुणे