तीन दिवसांचे तिकीट, दहा दिवसांची मुदत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला सहलीचा आराखडा मी दोनदा वाचला. आठ दिवसांत चार शहरे आणि चौदा देवळे ज्या कौशल्याने तू बसवली आहेस, त्याला दाद द्यावीच लागेल. पण तो वाचतानाच मला दम लागला, आणि माझे गुडघे अजून शाबूत आहेत. आईचे नाहीत. काकांना तर पायऱ्या दिसल्या की ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो’ असे म्हणण्याची जुनी सवय आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रवास कंपनीबरोबर आम्ही असेच धावत फिरलो होतो. घरी परतल्यावर काय काय पाहिले असे शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा आईने अगदी शांतपणे ‘गाडीतळ’ असे उत्तर दिले होते. ते उत्तर मला पुन्हा ऐकायचे नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की नॉम पेन्ह, बँकॉक वगैरे सर्व गाळून आपण कंबोडियातल्या सिएम रीप या एकाच गावी सात रात्री मुक्काम करावा आणि तिथली अंगकोरची प्राचीन देवळे तेवढी सावकाश पाहावीत. शिवाय थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर 2025 मध्ये चकमकी झाल्या आहेत, तेव्हा बँकॉकहून मोटारीने जाण्याचा तुझा बेत तसाही सोडून द्यावा लागेल. आरक्षण करण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचावी आणि विमानानेच थेट उतरावे. तिथला नवा विमानतळ ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला असून तो गावापासून 40 किलोमीटरहून अधिक दूर आहे; रात्री उशिरा पोहोचणारे विमान त्यासाठी टाळलेले बरे.

सात रात्री म्हणजे फार झाले, असे तू म्हणशील. पण तिथल्या तिकिटाची रचनाच सावकाश फिरणाऱ्यांच्या सोयीची आहे. एका दिवसाचे तिकीट 37 डॉलर, तीन दिवसांचे 62 आणि सात दिवसांचे 72. आणि यातले तीन दिवसांचे तिकीट सलग वापरावे लागत नाही, दहा दिवसांच्या मुदतीत आपल्याला हवे ते तीन दिवस निवडता येतात. म्हणजे एक दिवस देवळे पाहायची आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या तलावात डुंबायचे, झोपायचे, पत्ते खेळायचे. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, मात्र वयाचा पुरावा म्हणून त्यांचे पारपत्र दाखवावे लागते. आपण सहा मोठी माणसे, म्हणजे एकूण 372 डॉलर झाले.

पहिला दिवस पूर्णपणे अंगकोर वाटसाठी ठेवावा, आणि त्यातही भर दुपार वगळावी. राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सकाळी त्याची दर्शनी बाजू सावलीत असते आणि दुपार कलली की तिच्यावर ऊन येते. पहाटे पाचला दार उघडताच सगळे जग तिथल्या तळ्याच्या काठी सूर्योदयाचे छायाचित्र घेण्यासाठी दाटीवाटीने उभे राहते. आपण त्या गर्दीत जाऊ नये. नाश्ता करून निघावे आणि पूर्वेच्या बाजूने आत शिरावे. तिकडे वर्दळ कमी असते, आणि समुद्रमंथनाचा जवळपास 49 मीटर लांबीचा प्रसिद्ध शिल्पपट त्याच बाजूच्या ओवरीत आहे. 92 असुर आणि 88 देव वासुकीला धरून ओढत आहेत, मध्यभागी विष्णू आहे, खाली कूर्म आहे आणि वर अप्सरांची रांग आहे. गंमत अशी की देवांच्या बाजूच्या टोकाला वासुकीचे शेपूट धरून एक वानर उभा आहे, आणि तो हनुमान असल्याचे सांगतात. समुद्रमंथनात हनुमान कुठून आला, या प्रश्नावर आई आणि काका यांचा अर्धा तास सहज जाईल, आणि तो अर्धा तास त्यांना मिळावा हेच या सगळ्या खटाटोपामागचे माझे कारण आहे.

कारण खरे सांगायचे तर या भिंती वाचण्याची पात्रता आपल्यापेक्षा त्या दोघांकडे अधिक आहे. आपण वाटाड्याच्या तोंडाकडे पाहत राहू. आई मात्र शरपंजरी पडलेल्या भीष्माला नावाच्या पाटीशिवाय ओळखेल. तो कुरुक्षेत्राचा पट पश्चिमेच्या ओवरीत आहे आणि त्याच बाजूला, दाराच्या पलीकडे, लंकेचे युद्ध आहे. तिथे तिसऱ्या प्रहरी जावे, म्हणजे उजेडही चांगला मिळेल. दक्षिणेच्या ओवरीत यम आणि चित्रगुप्त यांच्यासमोर जिवांचा निवाडा चालला असून पुढे 37 स्वर्ग आणि 32 नरक कोरले आहेत. मुलांचे पाऊल स्वर्गापाशी थांबणार नाही, पण नरकापाशी ती नक्की रेंगाळतील, आणि कोणत्या पापाला कोणती शिक्षा हे त्यांना आजीकडून समजून घेता येईल. पश्चिमेच्या गोपुरात अष्टभुज विष्णूची मोठी मूर्ती आहे. देऊळ पुढे बौद्धांचे झाले, तरी ‘ता रीच’ या नावाने ती मूर्ती आजही पुजली जाते. सर्वांत वरच्या मजल्यावर, म्हणजे बाकानवर, जाणारा जिना फार उभा आहे आणि बारा वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत. म्हणून आपण चौघांनी दोन पाळ्यांत वर जाऊन यावे. खाली मुलांजवळ थांबायला आई आणि काका आहेतच.

दुसरा तिकिटाचा दिवस राजा सातव्या जयवर्म्याच्या देवळांचा. सकाळी बायोन या देवळाचे ते शांत दगडी चेहरे पाहावेत, पण त्याहून अधिक वेळ बाहेरच्या भिंतीला द्यावा. तिच्यावर राजापेक्षा बाजार, स्वयंपाक, मासेमारी आणि कोंबड्यांच्या झुंजी यांनाच जास्त जागा मिळाली आहे. दुपारच्या विश्रांतीनंतर ता प्रोह्म. झाडांच्या मुळांनी वेढलेले हे मंदिर त्याने 1186 मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारले. तिथल्या डागडुजीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा मोठा हात आहे. त्यापूर्वी याच विभागाने 1986 ते 1993 या काळात अंगकोर वाटचेही काम केले होते. तिसरा दिवस बांतेय स्रेइचा. 967 मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे छोटे शिवमंदिर गुलाबी वालुकाश्माचे आहे, जमिनीलगतच आहे, आणि कैलास हलवणारा रावण तिथे जवळून दिसतो. काका इथे ‘मी बसतो’ म्हणणार नाहीत. अंतर तासाभराचे असल्याने त्या दिवशी मात्र वातानुकूलित गाडी ठरवावी; गावातल्या गावात फिरायला रेमोर्क, म्हणजे दुचाकीला जोडलेली ती तिथली रिक्षा, उत्तम.

मधल्या एका दिवशी तोनले साप या महातळ्यात होडीने जावे, असे मला फार वाटते. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की तळ्यातून निघणारी नदी उलटी वाहू लागते, आणि उन्हाळ्यात सुमारे 2,500 चौरस किलोमीटर असलेले तळे 10,000 च्याही पलीकडे पसरते. पाऊस सरला की प्रवाह पुन्हा फिरतो, आणि त्याचा जलोत्सव त्यांच्या ‘कदेक’ महिन्याच्या पौर्णिमेला होतो. हा महिना म्हणजे आपला कार्तिकच. आपण दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी गेलो, तर पाऊस ओसरलेला असेल, देवळांभोवतीचे खंदक आणि तळे भरलेले असतील आणि उकाडाही सोसवेल असा असेल. तरीही अकरा ते तीन कोणीही उन्हात जाणार नाही, हा नियम मी आताच लिहून ठेवतो. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे विश्रांती घेऊन उठल्यावर फार रेंगाळूनही चालणार नाही.

कबाल स्पिअनच्या नदीपात्रात कोरलेली शिवलिंगे मला मनापासून पाहायची होती, पण तिथे दीड किलोमीटर जंगलातून चढावे लागते. मी तो नाद सोडला आहे. तूही नॉम बाखेंगच्या टेकडीवरचा सूर्यास्त सोड. त्याऐवजी स्राह स्रांग या तळ्याच्या काठावर पायऱ्यांवर बसून राहू.

किरकोळ गोष्टी अशा: देवळात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. डॉलरच्या फाटक्या किंवा मळक्या नोटा तिथे घेत नाहीत, तेव्हा बँकेतून कोऱ्या मागून घे. आईच्या जेवणाबाबत आधीच विचारून घ्यावे लागेल, कारण माशांपासून केलेले प्राहोक आणि माशांचे सार भाजीतही पडते. मेतकूट आणि चिवडा आमच्याकडून येईल. डासांसाठीचे मलम तुम्ही आणा. ई-व्हिसासाठी पारपत्राची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी लागते, आणि काकांच्या पारपत्राची तारीख जवळ आल्याचे तूच मागे म्हणाला होतास. ते काम आधी कर, कारण ते झाल्याशिवाय मला विमानाची तिकिटे काढता येणार नाहीत.

वहिनींना नमस्कार सांग आणि आराखडा बदलल्याचा दोष खुशाल माझ्यावर टाक. काकांना माझा साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

तुझा मित्र