पंप रोज दिला, पण तो रिकामा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातील बालदम्यावरचा लेख मी दोनदा वाचला. त्यातील वैद्यकीय माहितीबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मुलांचे औषध नियमित होत नाही याचे सारे खापर ‘ग्रामीण पालकांच्या बेफिकिरी’वर फोडलेले पाहून मला अतिशय वाईट वाटले. आमच्या घरी औषध एकही दिवस चुकले नव्हते, तरीही माझ्या नातवाला मध्यरात्री ऑक्सिजन लावावा लागला. ते कसे घडले, हे लेखकाने एकदा ऐकून घ्यावे.

नातवाला दमा आहे. तो तेव्हा तिसरीत होता. मुलगा आणि सून उजाडताच शेतावर जात असल्याने त्याचा रोजचा पंप, म्हणजे स्टेरॉइडचे औषध श्वासातून देणारा इनहेलर, देण्याचे काम माझ्याकडे होते. सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन पफ, तेही स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून. पंप हलवायचा, एका वेळी एकच पफ सोडायचा, मी मोठ्याने सहापर्यंत मोजायचे आणि त्याने तितके शांत श्वास घ्यायचे, मग दुसरा पफ. हे औषध घेतल्यावर चूळ भरावी लागते, नाहीतर तोंडात पांढरा बुरा धरतो. म्हणून दोन्ही वेळा दात घासण्याच्या आधी पंप, असा नेमच घालून घेतला होता. दिलेल्या प्रत्येक पफची खूण मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करीत असे. 25 जून 2024 पासून पोळ्यापर्यंत त्यातला एकही चौकोन मोकळा नाही. ते कॅलेंडर मी अजून जपून ठेवले आहे.

ऑगस्टच्या शेवटी झड लागली आणि त्याचा खोकला सुरू झाला. त्याच सुमारास तो एकदा म्हणाला, “आबाजी, आता पंपाची चवच नाही लागत.” औषध टाळण्यासाठी बहाणा करतो आहे असे समजून मी त्याला रागावलो. त्या रागावण्याचे दुःख मला आजही होते. पोळ्याच्या रात्री त्याच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली, एक शब्द बोलला की त्याला थांबावे लागे. श्वास लगेच मोकळा करणारा तातडीचा निळा पंप दिला, तेवढ्यापुरते बरे वाटले आणि तासाभरात पुन्हा तेच. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्याला यवतमाळला नेले. तेथील नर्सबाईंनी रोजचा पंप हातात घेतला आणि विचारले, “आबाजी, हा कधी आणला जी?” मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर हिशेब केला. डबीवर 200 मात्रा असे बारीक अक्षरांत छापलेले होते. दिवसाला चार म्हणजे पन्नास दिवस. औषध 13 ऑगस्टलाच संपले होते आणि त्यापुढचे वीस दिवस मी नातवाच्या तोंडात नुसता वायू सोडत होतो. औषध संपले तरी डबीतून फवारा निघतच राहतो, आवाजही तसाच येतो, हे मला त्या रात्री प्रथम कळले. दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा होता. त्याचा रंगवलेला लाकडी नंदी घरी ओसरीवर तसाच उभा राहिला.

स्टेरॉइडच्या भीतीने लोक पंप बंद करतात, असे लेखात म्हटले आहे. ती भीती मलाही होती. पण पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि पंपाचे औषध खरोखर फुप्फुसात गेले नाही म्हणूनच त्याला त्या आठवड्यात स्टेरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये घ्याव्या लागल्या. हा हिशेब मला आधी कोणी समजावून सांगितला असता तर मीच तो गावात दहा घरी सांगितला असता.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘नियमित द्या’ हा उपदेश अपुरा आहे. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी पंप किती दिवस पुरेल हे सांगितले नाही, दुकानदारानेही नाही. काही पंपांवर उरलेल्या मात्रा दाखवणारे आकडे असतात, आमच्या पंपावर नव्हते. डबी पाण्यात तरंगते की बुडते हे पाहण्याची जी युक्ती लोक सांगतात, तीही भरवशाची नाही. डबीवर सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख पेनाने लिहून देण्यास अर्धा मिनिट लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून शाळांमध्ये तपासणी करते आणि त्याच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा आजारही आहे. त्या पथकाने दमा असलेल्या मुलाला त्याचा पंप शाळेत आणायला सांगावा, तो कसा घेतो हे स्वतः पाहावे आणि डबीवरची तारीख तपासावी. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांनाही एवढे पाहता येईल.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या पानावर हा लेख होता, त्याच्या मागच्याच पानावर कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेतल्याने ‘दमा कायमचा जाईल’ अशी जाहिरात आपण छापली आहे. कोजागिरीला चांदण्यात बसून खीर खाण्याला माझा विरोध नाही, आमच्या घरीही दूध आटवले जाते. पण असे औषध घेऊन परतलेली माणसे मुलांचा पंप बंद करतात आणि तेही नेमके सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, जेव्हा गावभर कुटाराची धूळ उडत असते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा पंप मागील वर्षी याच कारणाने बंद झाला होता आणि दिवाळी तिने रुग्णालयात काढली. पालकांना बेफिकीर म्हणणाऱ्या वर्तमानपत्राने ही जाहिरात कोजागिरीपूर्वी थांबवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक आजोबा,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ