तिकिटं काढून झालीत

मँचेस्टर, २१ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "बघू रे" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितोय. तुमची तिकिटं काढली आहेत, २४ मेची. परत १५ जूनला. व्हिसा पुढच्या वर्षापर्यंत चालतो, तेही बघून घेतलं. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर बाबांचा गुडघा, आईची चतुर्थी, कुंड्यांना पाणी, काही ना काही निघालंच असतं. रागावू नका. कुंड्यांचं मी शेजारच्या काकूंशी बोललोय.

आणि या वेळी बावीस दिवस आमच्या फ्लॅटमध्ये काढायचे नाहीत. मधले दहा दिवस आपण सगळे एका खेड्यात राहणार आहोत. गावाचं नाव अ‍ॅशफर्ड-इन-द-वॉटर. डर्बीशायरमध्ये, इथून गाडीने सव्वा तासावर. मी दहाही दिवसांची रजा टाकलीय आणि ती मंजूर झालीय.

लंडन का नाही, असं बाबा विचारतील. लंडनही करू, दोन दिवस. पण तिथली गर्दी, भुयारी रेल्वेचे जिने, दिवसभर उभं राहणं हे आता तुम्हाला झेपायचं नाही. म्हणजे झेपणार नाही असं नाही म्हणत मी बाबा, झेपेल, पण संध्याकाळी पाय धरून बसाल आणि आम्हाला सांगणार नाही.

खरं कारण वेगळंच आहे. गेल्या वेळी तुम्ही आलात तो नोव्हेंबर. चार वाजता अंधार, सातवा मजला, मी सात वाजता घरी. बाबा खिडकीतून पार्किंग बघत बसायचे. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा आई मावशीशी हळू आवाजात बोलत होती, "इथे खिडकीतून माणूस दिसत नाही गं." कर्जतला परत गेल्यावर मात्र सगळ्यांना सांगितलंस की ट्रिप छान झाली. आई, ते वाक्य माझ्या मनातून दोन वर्षं गेलेलं नाही. म्हणून या वेळी आधी स्वतः जाऊन गाव बघून आलो, गेल्या शनिवारी, छोटीला आणि तुमच्या सुनेला घेऊन.

गाव लहान आहे. दगडी घरं, मधून वाय नावाची नदी. पाणी इतकं नितळ की पुलावर उभं राहिलं की खालचे ट्राउट मासे एकेक मोजता येतात. छोटी अकरापर्यंत पोचली. हा पूल फार जुना आहे, ओझ्याची घोडी नेण्यापुरता अरुंद. त्याला शीपवॉश ब्रिज म्हणतात. पुलाच्या एका टोकाला दगडी भिंतींचा एक कोंडवाडा आहे. लोकर कातरण्याआधी मेंढ्या इथे धूत असत. मेंढी आपणहून पाण्यात उतरत नाही. मग कोकरं या काठाला कोंडायची आणि त्यांच्या आयांना समोरच्या काठावरून नदीत ढकलायचं. पिल्लं इकडे आहेत म्हटल्यावर आया पोहत पोहत अलीकडे यायच्या, तोवर लोकर आपोआप धुऊन निघायची.

तुमच्या सुनेने हे वाचून दाखवलं, आणि मी त्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. भिंत गार होती, फटींतून शेवाळ, आणि आत कोणी नाही. उल्हास नदीला पूर आला त्या दिवशी तू शाळेच्या दारात उभी होतीस, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, आणि मला बघून पहिल्यांदा काय विचारलंस तर "डबा खाल्लास का?" घरी आल्यावर बाबा तुला केवढे बोलले होते. मी कॉटवर गोधडी घेऊन सगळं ऐकत होतो. आताही मीच या काठावर बसून तुम्हाला एवढ्या लांब बोलावतोय. ते मला दिसतं, आई.

बाबा, तुमच्यासाठी तर खास गोष्ट आहे. गावापासून जवळच मॉन्सलची दरी आहे. तिच्यातून मिडलंड रेल्वेची लाइन जायची. ती सुरू झाली १८६३ साली. म्हणजे आपला बोरघाट झाला त्याच साली! मी तिथे उभा राहून मनातल्या मनात तुम्हाला हाका मारल्या. दरीवरचा पूल पाच कमानींचा. तो बांधला तेव्हा जॉन रस्किनसारखा मोठा लेखक दरी नासली म्हणून संतापला होता, आणि आता तोच पूल बघायला लोक येतात. १९६८ मध्ये लाइन बंद झाली, रूळ उखडले. आता त्या जागी साडेआठ मैलांची पायवाट आहे, मॉन्सल ट्रेल. रेल्वेचीच वाट, म्हणून चढ जवळजवळ नाहीच. तुमच्या गुडघ्याला याहून चांगला रस्ता मला शोधूनही सापडला नसता. बोगदे चाळीस वर्षं बंद होते, २०११ मध्ये उघडले, आत दिवे आहेत. हेडस्टोनचा बोगदा जवळजवळ पाचशे मीटरचा. तुम्ही बँकरवर, घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, असताना मला एकदा बोगद्यांची नावं सांगितली होतीत, आणि घाटात किती मजूर मेले तेही. मला ते सगळं परत ऐकायचंय, त्या बोगद्यात चालताना, छोटीच्या देखत. दमलात तर हॅसॉपच्या जुन्या स्टेशनात आता चहाचं हॉटेल आहे, तिथे बसू.

आईसाठी विहिरी सजवण्याचा सण आहे. लाकडी फळ्यांवर ओली माती थापतात आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या, बिया, पानं एकेक दाबून चित्र काढतात. पाकळ्या खालून वर लावत जातात, कौलं बसवतात तशा, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. पाण्याचे आभार मानायचे म्हणून हे. या गावात तो मेअखेर किंवा जूनमध्ये असतो. आपल्या दिवसांत बसेल असं बघूनच तारखा घेतल्यात. तू रांगोळी काढतेस तशी मन लावून काढणारी माणसं तुला तिथे भेटतील. भाषेची काळजी करू नकोस. एका म्हाताऱ्या बाईंनी मला रस्ता सांगताना "डक" म्हटलं. इकडे अनोळखी माणसालाही प्रेमाने तसंच म्हणतात, आपण "बाळा" म्हणतो तसं.

घराचं सांगतो. जुन्या घरांचे जिने उभे असतात, म्हणून झोपायची खोली आणि संडास-बाथरूम तळमजल्यावर असलेलंच घर घेतलंय. गादी मी स्वतः झोपून बघितली, कडक आहे, बाबांना हवी तशी. गरम पाणी चोवीस तास. बादली, मग आणि प्लास्टिकचा पाट मी घरून नेणार. मेथी-कोथिंबीर मँचेस्टरहूनच भरून घेऊ, बाकी भाजी जवळच्या बेकवेल गावात मिळेल. तिथे सोमवारी बाजार असतो, बाबांना घेऊन जाईन. जूनमध्ये अंधार पडायला साडेनऊ-दहा होतात, तेव्हा दिवेलागणीची वाट बघू नकोस. घड्याळात सात वाजले की दिवा लाव. फक्त उदबत्ती अंगणात. स्वयंपाकघरात धुराचा भोंगा आहे, आणि गेल्या वेळच्या फोडणीनंतर तू किती घाबरली होतीस ते माझ्या लक्षात आहे.

आता नीट ऐका. इन्सुलिन आणि सगळी औषधं हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत. तूप, पेढे, खवा काही आणायचं नाही, दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत. आंबेही नकोत. गोडा मसाला मात्र हवा, आणि मेतकूट. बाबांनी मोजे घालूनच विमानात बसायचं आणि दर दोन तासांनी उठायचं. दोघांसाठी व्हीलचेअर मागवली आहे. बाबा, माहितीय तुम्हाला ते आवडत नाही. तुम्ही चालू शकता याबद्दल मला शंका नाही. पण तिथल्या लांबच लांब रांगेत आईला एकटं उभं करायचं नाही, म्हणून तुम्ही तिच्यासोबत बसायचं. एवढं माझ्यासाठी करा. प्रवासाआधी दोघांचं बीपी आणि साखर तपासून रिपोर्ट मला पाठवा. खरे आकडे पाठवा.

पाऊस केव्हाही येतो, तेव्हा आईने ती जाड शाल आणावी, निळी.

रविवारी सकाळी तुमच्या दहा वाजता फोन करतो. तोवर दोन्ही पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवा, तुम्ही मला नंबर वाचून दाखवायचेत.

तुमचा,
बाळ