लेक उदगीरला आली, पदवी सीमेपलीकडेच राहिली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर भालकी, जिल्हा बीदर. सासर उदगीर. दोन्ही घरांत मराठीच बोलतात. बीदरहून लातूर रोडकडे येणारी गाडी भालकी, कमलनगर करत उदगीरला पोचते आणि डब्यात बसलेल्या माणसाला कर्नाटक कधी संपलं हे कळतसुद्धा नाही. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळच्या जमिनीच्या उर्दू कागदांवर जिल्हा बीदर असंच लिहिलेलं आहे. ते कागद आजही धरले जातात. माझी पदवी मात्र धरली जात नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. लोक म्हणतात, डोळ्यांचा नंबर काढणारी. चार वर्षांचा अभ्यास, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. पदवी कर्नाटकातल्या आरोग्य विद्यापीठाची, २०१७ सालची. त्यानंतर पाच वर्षं तिकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम केलं. नंबर काढणं, डोळ्यांचा दाब मोजणं, शाळांमधली तपासणी, मोतीबिंदूच्या शिबिरांतली निवड. लग्न होऊन इकडे आले तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत नोंदणी होईल आणि काम सुरू होईल. आज चौदा महिने झाले, फाईल तिथंच आहे.

पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी पदवी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, हे आपल्याकडचं नाही." मग तिकडच्या राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र आणायला सांगितलं. मी पास झाले तेव्हा या व्यवसायासाठी देशभर लागू असलेला कायदाच नव्हता; काही राज्यांत नोंदणी करणारी परिषद होती, काहींत नव्हती. कामाला लागताना मला कुणी नोंदणी क्रमांक विचारला नव्हता. जी नोंद झालीच नाही, तिची हरकत किंवा ना हरकत कुणी द्यायची? हे मी लेखी विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही, नवीन कागदाची मागणी आली. विद्यापीठाकडून मोहोरबंद पाकिटात पडताळणी, ती आली. मग अधिवासाचा दाखला, तोही दिला.

नावाचा घोळ तर प्रत्येक लेकीबाळीला ठाऊक आहे. माझ्या गुणपत्रिकांवर आधी नाव आणि मागे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, तिकडे तीच पद्धत. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. विवाह नोंदणीचा दाखला जोडला, प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. तरी "दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात" असा शेरा पडला. मी समोर उभी होते.

तपासणी नको असं माझं म्हणणं नाही. बनावट पदव्या घेऊन दवाखाने थाटणारे आहेतच. तपासा, कडक तपासा. माझी पदवी डिजिलॉकरमध्ये आहे, दोन मिनिटांत खरी-खोटी कळेल. पण एक कागद दिला की दुसरा मागायचा, तो दिला की तिसरा, याला तपासणी म्हणत नाहीत.

मधल्या काळात काय होतं ते सांगते. आमच्या शेजारी साडेसहा वर्षांचा मुलगा आहे. एकदा खेळता खेळता मी त्याचा उजवा डोळा तळहातानं झाकला, तर तो गप्प खेळत राहिला. डावा झाकला, तसा त्यानं माझा हात जोरात झटकला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. म्हणजे उजव्या डोळ्याला जवळजवळ काही दिसत नव्हतं, आणि दुसरा डोळा चांगला असल्यानं घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. डोळ्यात बिघाड दिसत नाही, पण एकाच डोळ्याला मोठा नंबर असला की मेंदू त्या डोळ्याकडचं चित्र घेणं सोडून देतो. लहानपणी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यानं बरंच सावरतं. वय वाढत जातं तसं ते कठीण होत जातं.

घरात माझा रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं उपकरण आहे, लेन्सची पेटी आहे. नोंदणी नाही म्हणून मी ती उघडली नाही. त्याच्या आईला म्हटलं, लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आजच न्या. तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती, घरात माणूस मोकळा नव्हता. न्यायला सात आठवडे गेले. उजव्या डोळ्याला अधिक (प्लस) पाच नंबर निघाला. आता रोज काही तास पट्टी बांधतात आणि पोरगं ती ओढून काढतं. मी त्याच्याजवळ बसून मण्यांत दोरा ओवायला लावते, तेवढंच माझ्या हातात आहे.

याच गावच्या आठवडी बाजारात गाड्यावर तयार चष्मे मिळतात. म्हातारी माणसं एकेक डोळ्याला लावून पेपर वाचून पाहतात आणि त्यातल्या त्यात बरा दिसेल तो घेऊन जातात. चाळिशीपुरतं एक वेळ ठीक. पण काचबिंदू त्या गाड्यावर कोण ओळखणार? ज्यांना जमतं ते डोळ्यांसाठी हैदराबाद गाठतात. बाकीचे "दिसंना झालंय बगा, वयच झालं" म्हणून घरात बसतात.

राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ साली संसदेत मंजूर झाला. त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्रीय नोंदवहीत नाव लागलं की देशात कुठंही काम करता येईल, असं त्यात म्हटलं आहे. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापन करायच्या होत्या. अंमलबजावणी होईना म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. कायदा वाचला तेव्हा मला वाटलं होतं, हा माझ्यासारख्या सीमेवरच्या मुलींसाठीच केलाय.

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. परराज्यातून आलेल्या अर्जदाराला लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी पहिल्याच दिवशी, सही-शिक्क्यानिशी हातात द्यावी आणि नंतर त्यात भर घालू नये. लग्नानंतर बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला पुरेसा धरावा. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत सरकारी रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली काम करायची तात्पुरती परवानगी द्यावी. पगार नाही दिला तरी चालेल, मी उद्यापासून रुजू होते.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, उदगीर (जि. लातूर)
(अर्ज प्रलंबित असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)