माइन दॅट बर्ड म्हणजे मटका नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात रेसच्या सीझनवर जो मजकूर आला त्यात शेवटी अमेरिकेच्या माइन दॅट बर्ड या घोड्याला दोन ओळींत उरकलंय. साडेनऊ हजार डॉलरचा घोडा, पन्नासला एक भाव (एक डॉलर लावला तर पन्नास मिळणार, म्हणजे कुणाला आशाच नाही), आणि केंटकी डर्बी (तीन वर्षांच्या घोड्यांची सवा मैलाची तिथली मानाची रेस) मारली, म्हणजे निव्वळ मटका लागला असं. वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितोय. माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, माझं लहानपण तबेल्यात गेलंय, आणि जिंकलेल्या घोड्याला मटका म्हटलेलं आमच्या घरात कुणी ऐकून घेत नसे.

आधी त्याचा जन्म बघा. 10 मे 2006. अमेरिकेत रेसच्या घोड्यांचं वय सगळ्यांचं 1 जानेवारीपासूनच मोजतात, आपल्याकडेही तसंच आहे, त्यामुळे जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यातलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं. शाळेत एखादं पोरगं वर्गापेक्षा चार-पाच महिन्यांनी लहान असतं ना तसं, फक्त घोड्याच्या बाबतीत तेवढ्यात अंगाचा फरक फार पडतो. 2 मे 2009 ला डर्बी झाली तेव्हा याला खरी तीन वर्षं भरायलासुद्धा आठ दिवस बाकी होते!

आता रक्त. बाप बर्डस्टोन. 2004 साली स्मार्टी जोन्स नावाचा घोडा ओळीने आठ रेस जिंकून बेलमाँटला आला होता, ती मारली की ट्रिपल क्राउन (डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस एकाच वर्षी), सगळी अमेरिका त्याच्या बाजूने, आणि छत्तीसला एक भावाच्या बर्डस्टोनने दीड मैलाच्या त्या रेसमध्ये शेवटच्या टप्प्यात त्याला गाठून मागे टाकलं. बर्डस्टोनचा बाप ग्राइंडस्टोन, 1996 ची केंटकी डर्बी त्याची. त्याचा बाप अनब्रायडल्ड, 1990 ची डर्बी त्याची. म्हणजे सवा मैल पळायचा दम याच्या घरातच होता. मग साडेनऊ हजारात का गेला, तर बर्डस्टोनची ती पहिल्याच वर्षीची पोरं, एकही अजून पळालेलं नाही, बाजारात बोली लावणाऱ्याला सांगणार काय? त्याच पहिल्या वर्षीच्या पोरांतला दुसरा घोडा समर बर्ड, त्याने 2009 ची बेलमाँट मारली. एका बापाच्या पहिल्या खेपेला डर्बी आणि बेलमाँट दोन्ही. याला मटका म्हणायचं?

कॅनडात दोन वर्षांचा असताना याने चार रेस जिंकल्या, तिथला त्या वर्षीचा चॅम्पियन ठरला, मग न्यू मेक्सिकोच्या मालकांनी 4 लाख डॉलरला घेतला. नंतर कॅलिफोर्नियात सँटा अनिटाला ब्रीडर्स कपच्या मोठ्या रेसमध्ये शेवटून पहिला आला आणि तिथेच लोकांनी त्याला मोडीत काढलं. न्यू मेक्सिकोत सनलँडच्या रेसकोर्सवर एकदा दुसरा, एकदा चौथा. पण वडील म्हणायचे घोडा कितवा आला ते नंतर बघ, आधी परत आल्यावर चंदी खातोय का बघ.

आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो त्याचा प्रवास. ट्रेनर चिप वूली मोटरसायकलच्या अपघातात पाय मोडून कुबड्यांवर होता, तरी न्यू मेक्सिकोहून केंटकीला साधारण 1,700 मैल घोड्याची गाडी त्याने स्वतः चालवत नेली. मुंबईचा सीझन आला की आमचे वडील घोड्यांबरोबर ट्रकमधून खंडाळ्याच्या घाटाने महालक्ष्मीला जायचे. घाटात घोडा घामाने भिजतो, वळणावर चारी पाय ताठ रोवून उभा राहतो, उतरवल्यावर वडील एकेका पायाला गुडघ्यापासून खाली तळहात फिरवत जायचे, कुठे गरम लागतंय का, आणि मग पाणी पुढे करून गप्प उभे राहायचे, तो पिईपर्यंत हलायचे नाहीत. एवढ्याशा प्रवासाला एवढं. 1,700 मैलांनंतर घोडा पळायला फिट राहतो तो आपोआप नाही राहत हो, कुणीतरी रात्र जागलेलं असतं.

रेस तर सगळ्यांनी बघितलीच आहे. ट्रॅकवर नुसता चिखल, एकोणीस घोडे, हा सुरुवातीला एवढा मागे की वेगळीच रेस पळतोय असं वाटावं, आणि वळणावर जॉकी कॅल्व्हिन बोरेलने कठड्याला चिकटून जेमतेम घोडाभर फटीतून त्याला आत काढला. पावणेसात लेंथने जिंकला, म्हणजे जवळजवळ सात घोड्यांच्या लांबीएवढं अंतर! पावसामुळे जिंकला म्हणतात, पण बाकीच्या अठरा घोड्यांवर काय ऊन पडलं होतं का? दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये रेचल अलेक्झांड्रासारख्या घोडीच्या मागे फक्त एक लेंथ, बेलमाँटमध्ये तिसरा. तुक्का लागलेला घोडा असा तीनदा येत नाही.

2022 ला ऐंशीला एक भावाने डर्बी मारणाऱ्या रिच स्ट्राइकचंही तेच. त्याचा बाप कीन आइस, 2015 ला ट्रॅव्हर्स नावाच्या रेसमध्ये त्याच वर्षी ट्रिपल क्राउन मारलेल्या अमेरिकन फारोहला हरवणारा. दोन्ही लाँगशॉटचे, म्हणजे कुणी आशा न धरलेल्या घोड्यांचे, बाप मोठ्या घोड्याला पाडणारे, हे भाव ठरवताना कुणी बघितलं नाही.

डर्बीनंतर माइन दॅट बर्ड एकही रेस जिंकला नाही, 18 मध्ये 5, हे मला मान्य आहे. खच्ची केलेला घोडा, त्यामुळे त्याचं एकही पोर कधी पळणार नाही, जे काही आहे ते त्या 18 रेसमध्येच. म्हणून तर दोन ओळींत मटका म्हणून मोकळं होणं जास्त लागलं.

पुण्यात पावसाळाभर रेस असते, चांगले स्टड फार्म इथे आहेत, आणि मराठी पेपरात येतं काय तर टिप्स आणि भाव. टिप्स छापा, वाचणारे वाचतात. पण रेसच्या दिवशी घोड्याच्या नावाखाली बारीक अक्षरात त्याच्या बापाचं आणि आईचं नाव तेवढं देत जा, आणि जागा उरली तर त्याला सकाळी फिरवून आणणाऱ्या सईसाचंही.

आपला नेहमीचा वाचक,
वानवडी, पुणे