सूचना : रविवारी मिरजेत एमजीबी पाहायला जाण्याबाबत

सभासदांना नमस्कार,

आपले एक सभासद उघड्या टपाची जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेणार आहेत. येत्या रविवारी सकाळी साडेसातला सांगलीत विश्रामबाग चौकात जमून मिरजेला जायचं आहे. चौघेच पुरेत. शुक्रवारपर्यंत नाव कळवा. टॉर्च आणि लोहचुंबक आणा.

काय तपासायचं :

• गंज सगळ्यात आधी. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, वर पत्र्याचं छतही नाही; म्हणून बरीचशी ताकद दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत असते. तिथं चुंबक फिरवा. धरत नसेल तर गंजलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग गाडी जॅकवर घेऊन दार उघड-बंद करा. फट आवळली, दार घासलं, तर गाडी मधोमध वाकते आहे; माझ्या मते व्यवहार तिथंच थांबवावा. रंग कितीही झकास असो!

• पूर. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेनं काय केलं ते आपण पाहिलंय. गाडी पाण्यात बुडाली होती का ते बघायला गालिचा उचला, सीट सरकते त्या पट्ट्यांत वाळलेला गाळ शोधा.

• इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा.

• टप उघडून, लावून पाहा.

• चासी नंबर आरसीशी नीट जुळवा. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात बनली. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' (विंटेज गाड्यांसाठीचा) क्रमांक घेता येतो, पण मग ती रोज फिरवता येत नाही. घेणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं.

मालकासमोर किमतीबद्दल कोणीही बोलू नये. ती बोलणी घेणारे स्वतः करतील.